संदर्भकोशासाठी कंपनीचे पैसे घ्यावेत का?

शब्दवेडा: आम्ही काही जण मिळून फुकटात एक ऑनलाइन संदर्भकोश चालवतोय, आता सर्व्हरचा खर्च खिशातून झेपेना. एक कंपनी सगळा खर्च उचलते म्हणतेय, अट काहीच नाही. घेऊ का?

टिंबटिंब: अट आज नाही हो, पण उद्या त्याच कंपनीच्या पानावर कोणी अडचणीची माहिती टाकली की तुमचाच हात थरथरणार. आणि जाहिरातींचं तर नावच काढू नका, 2002 मध्ये जाहिराती येणार अशी नुसती कुणकुण लागली तर स्पॅनिश विकिपीडियातले बरेच लोक उठून गेले न् वेगळा कोश काढला.

खालचामजला: विकिपीडिया मुख्यतः छोट्या छोट्या देणग्यांवरच चालतो, शिवाय 2016 ला कायमस्वरूपी निधी सुरू केला, तो 2021 मध्ये 10 कोटी डॉलरच्या पुढे गेला. मोठ्या कंपन्यांना डेटा पुरवायची सशुल्क सेवापण आहे, पण ते पैसे सेवेचे, मजकुरात लुडबुड नाही. तुमचं एवढं मोठं कुठे म्हणा, तरी एकाच देणगीदाराकडून किती घ्यायचं ती मर्यादा आधीच लिहून ठेवा, आणि हिशोब बघणारे वेगळे, लेख तपासणारे वेगळे.

शब्दवेडा: सध्या दोन्ही मीच बघतो 😅 आधी ते बदलतो.