एमएच-१५ च्या नोंदींवरून नाशिकच्या इलेक्ट्रिक कार मोजता येतात का?

गोदाकाठ

नाशिकमध्ये इलेक्ट्रिक कार किती वाढल्या असं विचारलं की उत्तर शोरूमच्या जाहिरातीतून येतं, नाहीतर "कॉलेज रोडला हल्ली हिरव्या पाट्या फार दिसतात" अशा अंदाजातून. माझं म्हणणं सरळ आहे. केंद्राच्या 'वाहन' डॅशबोर्डवर नाशिक आरटीओतली प्रत्येक नोंदणी कुणालाही फुकट बघता येते, तीच धरा. कंपन्या महिन्याला जे आकडे जाहीर करतात ते बहुतेक वेळा कारखान्यातून डीलरकडे निघालेल्या गाड्यांचे असतात. आरटीओची नोंद मात्र गाडी कुणाच्या तरी नावावर चढल्याशिवाय होत नाही.

पण आकडे नीट काढायला हवेत. राज्य महाराष्ट्र, आरटीओ नाशिक एमएच-१५. आकडे लाखात किंवा हजारात नकोत, 'अ‍ॅक्च्युअल व्हॅल्यू' ठेवा. वाय-अ‍ॅक्सिसवर 'व्हेइकल क्लास', एक्स-अ‍ॅक्सिसवर 'फ्युएल', वर्ष निवडा आणि रिफ्रेश दाबा. महिन्यानुसार हवं असेल तर वाय-अ‍ॅक्सिसवर 'फ्युएल', एक्सवर 'मंथ वाइज', आणि डाव्या बाजूच्या पट्टीत 'मोटर कार' व 'मोटर कॅब' या दोन्हींवर टिक. त्या पट्टीचं रिफ्रेश बटण वेगळं आहे. ते दाबलं नाही तर टिक दिसते, पण तक्त्यात सगळ्या गाड्या तशाच राहतात. ही चूक सर्रास होते.

इंधनाच्या रकान्यांत 'इलेक्ट्रिक (बीओव्ही)' आणि 'प्युअर ईव्ही' अशी दोन नावं आहेत. दोन्हींची बेरीज करायची, नाहीतर आकडा खाली येतो. 'पेट्रोल/हायब्रिड' मात्र यात धरायचं नाही. त्या रकान्यात मारुतीच्या छोट्या बॅटरीच्या माइल्ड हायब्रिडसुद्धा येतात, आणि त्या प्लगला लागतच नाहीत.

एवढं केलं तर एमएच-१५ चा कल कुठल्याही सर्व्हेपेक्षा खरा कळतो, असं माझं ठाम मत आहे.

निफाडवाडी

रीत बरोबर आहे. फक्त एक भर घालतो, कारण आपल्या जिल्ह्यात तिचा फरक मोठा पडतो. बरेच जण 'व्हेइकल क्लास'ऐवजी 'व्हेइकल कॅटेगरी' घेतात आणि 'लाइट मोटर व्हेइकल' म्हणजे कार असं धरून चालतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(२१) मधल्या व्याख्येत ७,५०० किलोपर्यंतचा ट्रॅक्टरही हलकं मोटार वाहनच आहे. निफाड, दिंडोरीत बागेत चालणारे छोटे ट्रॅक्टर किती घेतले जातात ते वेगळं सांगायला नको. ते सगळे भागाकारात खाली जाऊन बसतात आणि इलेक्ट्रिकची टक्केवारी उगाच कमी दिसते. उलट बाजूला टॅक्सी पासिंगची इलेक्ट्रिक कार या कॅटेगरीत येतच नाही, ती 'लाइट पॅसेंजर व्हेइकल'मध्ये जाते. म्हणजे वरचा आकडा घटतो आणि खालचा फुगतो. मुंबईच्या शहरी आरटीओत हे फारसं जाणवणार नाही, एमएच-१५ ला जाणवतं.

कंपनीनुसार बघणाऱ्यांनी अजून एक जपावं. टाटांच्या इलेक्ट्रिक गाड्या 'टाटा पॅसेंजर इलेक्ट्रिक मोबिलिटी' या वेगळ्या नावाखाली आहेत. महिंद्राच्या काही 'महिंद्रा अँड महिंद्रा'खाली, तर नव्या 'महिंद्रा इलेक्ट्रिक ऑटोमोबाइल'खाली. एमजीची जुनी-नवी दोन नावं आहेत. यादीत पहिलं दिसलं ते उचललं की निम्मी गणती राहून जाते.

घोटी-टोलनाका

गोदाकाठ, तुमची रीत मान्य, निष्कर्ष नाही. नोंदणी सांगते गाडी कुणाच्या नावावर कुठे चढली. गाडी कुठे चालते आणि कुठे चार्ज होते हे ती सांगत नाही. आणि लोक हा आकडा वापरतात तो चार्जर कुठे बसवायचे हे ठरवायला.

मुंबई-नाशिक घ्या. अंतर साधारण १६५ किलोमीटर. हायवेच्या वेगाला किलोमीटरमागे १५० वॉट-तास धरले तर २५ युनिट. त्यात चढ मिळवा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटरवर आहे. माणसं, सामान धरून १,७०० किलोची गाडी तेवढी वर चढवायला २.७ युनिट लागतात, मोटर आणि वायरिंगमधली तूट धरून ३. एकूण २८. बॅटरी ३० युनिटची असेल तर नाशिकच्या द्वारका चौकात पोचेपर्यंत जवळजवळ रिकामी. समृद्धीने आलात तर इगतपुरीच्या बोगद्यामुळे घाटाची वळणं वाचतात, चढ वाचत नाही. म्हणून खरी गरज इगतपुरी, घोटी, वाडीवऱ्हे या पट्ट्यात आहे, आणि तिथे थांबणाऱ्या गाड्यांवर पाट्या असतात एमएच-०१ ते ०४, ४३, ४८. त्र्यंबक, वणी आणि सापुताऱ्याच्या बाजूला जीजे. यातली एकही तुमच्या तक्त्यात नाही.

२०२७ च्या सिंहस्थाची आखणी कुणी एमएच-१५ च्या नोंदींवर केली तर चार्जर गंगापूर रोडला लागतील आणि रांगा घोटीला.

गोदाकाठ

घोटीकर, चढाचा हिशोब चोख आहे आणि हायवेपुरतं तुमचं बरोबर आहे. पण धाग्याचा प्रश्न "नाशिककर इलेक्ट्रिक कार घेतायत का" हा आहे. त्याला पाहुण्यांच्या गाड्या धरायच्याच नाहीत. हायवेसाठी टोलनाक्यावरची मोजणी आणि चार्जरवर रोज गेलेले युनिट बघावेत. शहरातली खरेदी आणि हायवेवरची वर्दळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीचं माप दुसरीला लागत नाही म्हणून मापच खोटं, असं कसं म्हणता येईल?

सातपूर-एमआयडीसी

पण नाशिककरांची खरेदी तरी यात पुरी येते का? मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ४० नुसार राज्यातल्या कुठल्याही नोंदणी प्राधिकरणाकडे गाडी नोंदवता येते. पुण्याच्या नाहीतर ठाण्याच्या डीलरकडून घेतलेली गाडी तिकडचा नंबर घेऊन इंदिरानगरात उभी राहू शकते. भाडेकराराने घेतलेल्या गाड्या भाडे देणाऱ्या कंपनीच्या नावावर, बहुधा मुंबईत. याच्या उलटही होतं. सातपूरला महिंद्राच्या कारखान्यात गाड्या बनतात म्हणून त्या नाशिकच्या खात्यात धरणारे भेटतात. त्या जिथे विकल्या जातात तिथे नोंद होतात.

एसटी बघितली तर हे लगेच पटेल. नाशिक डेपोत रोज उभ्या राहणाऱ्या किती बसवर एमएच-१४, एमएच-२०, एमएच-४० असतं. बस नाशिकची, नंबर एसटीच्या दापोडी, चिकलठाणा किंवा नागपूरच्या कार्यशाळेकडचा.

करामुळेही चित्र बदलतं. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या पेट्रोल कारला एकरकमी कर २० टक्के, वैयक्तिक नावावर १० लाखांपर्यंत ११ टक्के. इलेक्ट्रिकला कर माफ. म्हणजे कंपनीच्या नावावर घेणाऱ्याची बचत जवळपास दुप्पट. एमएच-१५ मधल्या इलेक्ट्रिक कारपैकी किती कारखानदारांच्या फर्मच्या नावावर आणि किती घरच्या, हे डॅशबोर्डवर दिसत नाही. "सामान्य नाशिककर वळला" हा निष्कर्ष मी तरी यावरून काढणार नाही.

आकडेमोड

दोन्ही बाजूंनी बोलणारे महिन्याचे आकडे धरतायत, म्हणून थोडं लिहितो. समजा एका महिन्यात ६० इलेक्ट्रिक कार नोंदल्या. एवढ्या लहान आकड्यात निव्वळ योगायोगाने ४५ ते ७५ असा हेलकावा येतो (६० चं वर्गमूळ पावणेआठ, त्याच्या दुप्पट इकडे-तिकडे). तेव्हा ५० वरून ६८ झाले म्हणून "३६ टक्के वाढ" अशी बातमी करणं चुकीचं. सलग बारा महिन्यांची बेरीज घ्या आणि दर महिन्याला एक महिना पुढे सरकवा.

आता मुहूर्त. आपल्याकडे पाडव्याला गाडी दारात हवी म्हणून नोंदणी आधीच्या आठवड्यात उरकतात. गुढीपाडवा २०२३ ला २२ मार्चला होता, २०२४ ला ९ एप्रिलला, २०२५ ला ३० मार्चला. आर्थिक वर्ष लावून बघा: २०२३-२४ मध्ये एकही पाडवा नाही आणि २०२४-२५ मध्ये दोन! मार्चअखेरीला उरकलेल्या थोड्या नोंदी सोडल्या तर हा फरक पुरा उतरतो. डॅशबोर्डवर कॅलेंडर वर्ष आणि आर्थिक वर्ष असे दोन्ही पर्याय आहेत. कॅलेंडर वर्ष घेतलं तर तिन्ही वर्षांत एकेकच पाडवा येतो. दसरा-दिवाळी दोन्ही हिशोबांत वर्षाच्या आतच राहतात, तिथे फक्त महिन्यांची तुलना टाळायची. पितृपक्षातला खड्डा बघून घाबरायचं नाही.

तिसरं म्हणजे भागाकारातला खालचा आकडा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल कारचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. इलेक्ट्रिक ५ टक्क्यांवरच राहिली. पेट्रोलच्या गाड्या जास्त खपल्या तर इलेक्ट्रिकची संख्या तीच असूनही टक्केवारी पडते. १,५०० मध्ये ६० म्हणजे ४ टक्के, २,००० मध्ये ६० म्हणजे ३ टक्के. एकही ग्राहक कमी झालेला नाही. म्हणून टक्केवारीच्या शेजारी संख्या लिहा, आणि त्याशेजारी सीएनजीचा रकाना. नाशिकला पेट्रोल सोडणाऱ्यासमोर सीएनजी हा जवळचा पर्याय असतो. इलेक्ट्रिकची वाढ डिझेलमधून आली की सीएनजीला जाणारे वळले, हे त्याशिवाय कळायचं नाही.

सातपूरकरांच्या हरकतीबद्दल: बाहेर नोंदलेल्या गाड्यांचं प्रमाण वर्षानुवर्षं साधारण सारखं असेल तर पातळी चुकते, कल चुकत नाही. गोदाकाठ कलाबद्दलच बोलतायत.

सातपूर-एमआयडीसी

प्रमाण सारखं आहे हे कशावरून? भाडेकराराची पद्धत वाढत असेल तर तेही बदलतं. ते तपासायची सोय आपल्याच हातात आहे: सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या हिरव्या पाट्या मोजा आणि त्यात एमएच-१५ किती ते बघा. पांढरी अक्षरं खासगी, पिवळी अक्षरं भाड्याची. पंचवीस-तीस सोसायट्या पुरेत, पण नाशिक रोड, सिडको, पाथर्डी फाटा, म्हसरूळ असे सगळे भाग हवेत. एकट्या गंगापूर रोडवर मोजाल तर फसाल. दर वर्षी त्याच सोसायट्या, त्याच महिन्यात.

डीपी-बॉक्स

पार्किंग मोजायला माझा पाठिंबा, कारण वीज वितरणाला तोच आकडा कामाचा. एमएच-१५ म्हणजे नाशिक शहर नव्हे. सिन्नर, इगतपुरी, दिंडोरी त्यातच आले, आणि मालेगावकडचे एमएच-४१ मध्ये गेले. आमच्या दृष्टीने प्रश्न एका रोहित्राखाली किती गाड्या हा असतो. एका डीपीवर दहा गाड्या रात्री अकराला एकदम ७.२ किलोवॉटच्या चार्जरवर लागल्या तर ७२ किलोवॉट. १०० केव्हीएचं रोहित्र असेल आणि त्याच वेळी एसी चालू असतील तर फ्यूज जाणारच.

पण घाबरवून सोडायचं नाही. शहरात रोज ४० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला ६ युनिट लागतात. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर, ३.३ किलोवॉटने, दोन तासांत काम होतं. दहाच्या दहा गाड्या एकाच वेळी ओढतील असं क्वचित घडतं. जास्त त्रास वायरिंगचा: जुन्या इमारतीत अर्थिंग नीट नसतं, चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो आणि लोक गाडीला दोष देतात. मीटरपासून पार्किंगपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची वायर असेल तर सॉकेट तापून काळा पडतो. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारी) हवी.

महावितरणकडे चार्जिंग स्टेशनचा दर वेगळा आहे, म्हणून तिथले युनिट वेगळे मोजता येतात. घरच्या मीटरवर लागलेली गाडी मात्र घरगुती वापरातच मिसळून जाते. त्यामुळे "चार्जरवरचे युनिट बघा" यातूनही अर्धंच चित्र मिळतं.

घोटी-टोलनाका

म्हणजे तिन्ही आकडे शेजारी मांडायला हवेत: नोंदणी, पार्किंग, चार्जरवरचे युनिट. माझी हरकत नोंदणीवर एकट्याने विसंबण्याला होती आणि ती कायम आहे. राज्याच्या २०२१ च्या धोरणात २०२५ पर्यंत नव्या नोंदणीत १० टक्के इलेक्ट्रिक असं लक्ष्य होतं, २०२५ च्या धोरणात २०३० पर्यंत ३० टक्के. दोन्हीकडे नोंदणीच धरली आहे, आणि त्यात दुचाकीही येतात. स्कूटर खपल्या की लक्ष्य गाठल्यासारखं दिसतं आणि कारचं काय झालं ते झाकलं जातं.

गोदाकाठ

दुचाकीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, २५० वॉटपर्यंतच्या स्कूटरला नोंदणीच लागत नाही, त्यामुळे दुचाकीचा आकडा खालूनही गळका आहे. जून २०२३ ला इलेक्ट्रिक दुचाकीवरचं केंद्राच्या 'फेम' योजनेचं अनुदान किलोवॉट-तासाला १५,००० वरून १०,००० रुपये झालं, तेव्हा मे महिन्यात देशभर नोंदणी उसळली आणि जूनमध्ये आपटली. त्यामुळे दुचाकी आणि कार एका आलेखात नकोतच.

सातपूरकर, पार्किंगची मोजणी डिसेंबरात करू, म्हणजे कॅलेंडर वर्षाच्या नोंदींशी जुळेल. नाशिक रोड आणि जेल रोड मी घेतो. तक्त्यात रकाने एवढेच: सोसायटी, एकूण कार, हिरव्या पाटीच्या कार, त्यातल्या एमएच-१५, पिवळ्या अक्षरांच्या, पार्किंगमध्ये सॉकेट आहे की नाही. गाडीचा पूर्ण नंबर लिहायचा नाही. सिडको कोण घेतंय?

निफाडवाडी

सिडको आणि पाथर्डी फाटा माझ्याकडे. सॉकेटच्या रकान्याशेजारी अर्थिंगचाही ठेवा. सेक्रेटरीला विचारलं की कळतं.