लेक मेरी तलावाकाठी कॅम्पिंग, सोबत आई-बाबा: मदत हवी आहे

ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या इन्यो नॅशनल फॉरेस्टमध्ये, मॅमथ लेक्सजवळच्या लेक मेरीला तंबूत राहायचंय. साताऱ्याहून आलेले आई-बाबा सोबत आहेत, दोघंही सत्तरीचे. जागा सुमारे 8900 फुटांवर. आधी एक रात्र खाली बिशप गावात काढली तर विरळ हवेचा त्रास कमी होतो का? बाबांना बीपीची गोळी चालू आहे. डॉक्टरांना विचारणारच आहोत, पण अनुभव हवेत.

दुसरं म्हणजे अस्वलं. खाणंच नाही, टूथपेस्ट, साबण, आईची खोबरेल तेलाची बाटलीसुद्धा लोखंडी पेटीत ठेवायची, एवढं कळलंय. पण फोडणीचा वास कपड्यांना बसतो, त्याचं काय करता? मी म्हणतो दशम्या-चटणीवर भागवू. आई मात्र गरम पोह्यांवर अडून बसली आहे!