नवीन स्टार ट्रेक बघून जीव का जळतो? की मीच म्हातारा झालो?

रामबागचा_डेटा:
काल इंदूरच्या सराफ्यात गराडू खाता खाता भाच्याशी कडाक्याचं भांडण झालं, ते इथे आणतोय. नव्वदीत आमच्याकडे केबल आली, स्टार प्लस तेव्हा इंग्रजी होतं आणि त्यावर स्टार ट्रेकची नेक्स्ट जनरेशन ही मालिका लागायची, आई स्वयंपाकघरातून विचारायची आला का रे तुझा तो टकलू (म्हणजे कॅप्टन पिकार्ड). इंग्रजी निम्मं डोक्यावरून जायचं पण त्यातला डेटा हा यंत्रमानव माणूस की सरकारी मालमत्ता यावर अख्खा भाग कोर्टात चालतो (1989 चा), एक गोळी सुटत नाही, आणि मी बारा वर्षांचा पोरगा हलत नाही जागचा. आता त्याच कॅप्टनवरची 2020 ची नवी मालिका पिकार्ड बघा. वॉयजर या जुन्या स्टार ट्रेक मालिकेतला गुणी पोरगा इचेब, शुद्धीत असताना त्याचा डोळा काढतात. कशासाठी? हे बघायला थांबलो होतो का आम्ही इतकी वर्षं?

जिरावण:
दादा, 1987 ला नेक्स्ट जनरेशन आलं तेव्हा कर्कवाले, म्हणजे पहिल्या मालिकेतल्या कॅप्टन कर्कचे फॅन, पण हेच रडत होते की हा टकलू कोण, आणि पहिले दोन सीझन खरंच रटाळ होते, आठवणीत फक्त मलई राहते हो. बॅटलस्टार गॅलॅक्टिका या दुसऱ्या अंतराळ मालिकेचं बघा, 1978 मधला स्टारबक हा पायलट पुरुष होता, नव्यात बाई केली, केवढी बोंबाबोंब, आणि आज लोक नवीनच बघतात ना?

स्नेहलतागंज_वाली:
दोघंही मुद्दा सोडून बोलताय. नेक्स्ट जनरेशनचे 178 भाग, सात सीझनमध्ये. पिकार्डचे तीन सीझन मिळून 30. वर्षाला पंचवीस-सव्वीस भाग करायचे तर लेखकाला कधीतरी साधी गोष्ट सांगावीच लागते, म्हणून तो बासरीचा भाग झाला 1992 ला, पिकार्ड पंचवीस मिनिटं बेशुद्ध आणि तेवढ्यात दुसऱ्याच ग्रहावर आयुष्य जगून नातवंडं बघून येतो. दहा भागात ही चैन कुठून परवडणार? मग दर सीझनला विश्व संपायला आलेलं. एक्स फाइल्स ही जुनी मालिका 2016 ला परत आणली तेव्हा तेच, सहा भाग, धड ना भुताची गोष्ट ना कटाची.

रामबागचा_डेटा:
हे पटलं. पण पिकार्डचा तिसरा सीझन मात्र मस्त, सगळी जुनी मंडळी एका टेबलावर, मी तर रडलो.

जिरावण:
म्हणजे गेट-टुगेदर आवडलं, गोष्ट नाही! तुमचा डेटा 2002 ला पिक्चरमध्ये मेला, 2020 ला परत मेला, 2023 ला परत उठला. तेरावं तरी किती वेळा घालायचं एका माणसाचं? जुन्या फॅन्सना खूश करायला गेलं की असं होतं, आणि शिव्या नव्यांना.

स्नेहलतागंज_वाली:
😂 तेराव्याचं खरं आहे. यांनाच जुनं पाहिजे आणि यांनाच नवीन काही नाही म्हणून तक्रार.

जिरावण:
स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स बघा ना, 2022 पासूनचं नवं स्टार ट्रेक, दर भागाला वेगळी गोष्ट, तुम्हाला पाहिजे तस्संच.

रामबागचा_डेटा:
बघत होतो रे. चांगलं चाललं होतं, मग एका भागात कॅप्टनसकट अख्खं जहाज गायलाच लागलं. तिथे बंद केलं.

जिरावण:
तुमच्या घरी आजोबांपासून संगीत नाटकांचं वेड, राजा दरबारात भांडता भांडता अर्धा तास ताना घेतो ते चालतं, आणि कॅप्टन पाइक दोन ओळी गायला की बंद?

रामबागचा_डेटा:
अरे तिथे तबला असतो!!