लिलेहामरमध्ये खरेदी – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही दोघं सध्या लेकीकडे ओस्लोला आलोय आणि पुढच्या आठवड्यात तीन दिवस लिलेहामरला जातोय, तेच ते १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकवालं गाव. मागच्या रविवारी ओस्लोतच फजिती झाली, पिशव्या घेऊन निघालो आणि बहुतेक दुकानं बंद, शेवटी एका चिमुकल्या दुकानातून दूध-ब्रेड आणलं, त्यामुळे यावेळी आधीच विचारून घेतेय!

तिथल्या स्टूरगाता या चालत फिरायच्या रस्त्यावर हाताने विणलेले सेल्बू गावच्या नक्षीचे मिटन्स (ते आठ पाकळ्यांच्या चांदणीवाले लोकरी हातमोजे) मिळतील का, आणि मशीनचे कसे ओळखायचे? चीज कापायची ती किसणीसारखी पट्टी पण हवीय, ती १९२५ साली लिलेहामरच्याच एका सुताराने काढली म्हणे, मग तिथूनच घ्यायला मजा.

टॅक्स फ्रीचं (पर्यटकांना देश सोडताना खरेदीवरचा कर परत मिळतो ते) कुणी केलंय का? इथे व्हॅट २५ टक्के, म्हणजे थोडेथोडके नाहीत. एका दुकानात फॉर्म मागितला तर बाई म्हणाली आमच्याकडे नाही. मग आधी विचारूनच आत शिरायचं का? आणि त्यासाठी वस्तू न वापरता ठेवायची असते म्हणे, म्हणजे मिटन्स इथे घालायचेच नाहीत? थंडी वाजतेय हो!!

अजून एक, इथलं ते गोडसर तपकिरी ब्राउन चीज मुंबईपर्यंत टिकेल ना? ह्यांना खव्यासारखं लागतं, दोन किलो न्यायचं म्हणतायत.