मातृत्व हे ख्रिस्ती स्त्रीचे सर्वांत मोठे पाचारण आहे का?

धागालेखिका:
बायबलमधील हन्ना निपुत्रिक होती आणि मूल झाल्यास ते देवाला वाहीन असा नवस तिने केला; तिची गोष्ट सांगताना आपण तिचे अश्रू आणि तिचा नवस यांवरच थांबतो. पुढे, १ शमुवेल २:१९ मध्ये, एक लहानसे वाक्य आहे: देवाच्या सेवेत सोपवलेल्या मुलासाठी ती दरवर्षी एक छोटा झगा करून नेत असे. मुलगा समोर नसताना, वर्षभरात तो किती उंच झाला असेल याचा अंदाज मनाशी बांधून कापड बेतणारी ही आई माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मूल ही देवाने सोपवलेली ठेव आहे, हे ख्रिस्ती मातृत्वाचे मर्म मला त्या झग्यात दिसते. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाविषयी लिहिताना प्रेषित पौल त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची आठवण काढतो, कारण उपदेशपीठाच्या कितीतरी आधी विश्वास घरात रुजतो. म्हणून मातृत्व हे स्त्रीचे सर्वांत वरचे पाचारण, म्हणजे देवाचे बोलावणे आहे, असे मला वाटते, आणि तसे उघडपणे सांगायला मंडळीने, म्हणजे चर्चने, कचरू नये.

पहिला प्रतिसाद:
मी असहमत आहे, आणि माझी असहमती शुभवर्तमानातूनच आलेली आहे. गर्दीतल्या एका स्त्रीने येशूच्या आईच्या उदराला धन्य म्हटले, तेव्हा देवाचे वचन ऐकून ते पाळणारेच अधिक धन्य, असे त्याने उत्तर दिले (लूक ११:२७-२८). त्यामुळे मरीयेचा मान उणावत नाही, कारण ते वचन ऐकून स्वतःला प्रभूची दासी म्हणवणारी तीच होती. मानाचे कारण मात्र बदलते. मातृदिनाच्या उपासनेत सर्व मातांना उभे राहायला सांगतात, टाळ्या होतात, आणि तेवढा वेळ बसून राहिलेली स्त्री गीतपुस्तकाची पाने उगाच उलटत राहते. सात वर्षे त्या बाकावर मीच होते. 'सर्वांत वरचे' या शब्दाने माझ्यासारखीला देवाच्या घरात खालची जागा मिळते.

धागालेखिका:
आपला प्रतिसाद वाचून मला वाईट वाटले. मी तुला दहा मुलांपेक्षा अधिक नाही काय, असे तिचा नवरा एलकाना याने प्रेमाने विचारले, तरी हन्नेचे दुःख शमले नाही. आणि शास्त्र त्या दुःखाला अविश्वास म्हणत नाही. पण रात्री-अपरात्री तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसणाऱ्या आईला 'तू तर घरीच असतेस' असे ऐकावे लागते. मंडळीने तिची बाजू घ्यायची नाही, तर कोणी घ्यायची? शब्द मी मागे घेत नाही.

दुसरा प्रतिसाद:
रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात पौल रोममधील रूफ नावाच्या विश्वासणाऱ्याच्या आईला सलाम सांगताना तिला स्वतःचीही आई म्हणतो. तिचे नावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही. पण तिने पौलाला आईची माया दिली, एवढे नक्की. वधस्तंभावरून येशूनेही आपल्या आईला आणि प्रिय शिष्याला मायलेक करून एकमेकांच्या स्वाधीन केले. ख्रिस्ती मातृत्व प्रसूतीशी बांधलेले नाही, असे मी यावरून समजतो.

तिसरा प्रतिसाद:
हे खरे असले तरी पूर्ण नाही. शब्द, म्हणजे ख्रिस्त, देही झाला, तो एका स्त्रीच्या उदरात. इ.स. ४३१ मध्ये इफिस येथील बिशपांच्या परिषदेने मरीयेसाठी 'देवमाता' ही उपाधी मान्य केली, ती तिच्या पोटी जन्मलेला खरोखर देव होता हे जपण्यासाठीच. आत्मिक मातृत्वाचा गौरव करताना गर्भारपण, वेणा आणि अंगावर पाजणे यांना दुय्यम ठरवू नये.

पहिला प्रतिसाद देणारी:
ते दुय्यम ठरावे असे मलाही वाटत नाही. मातांसाठी अवश्य प्रार्थना करावी. त्यांना उभे मात्र करू नये. आणि त्याच उपासनेत यशयाचा ५६वा अध्याय वाचावा, जिथे देव षंढाला सांगतो की 'मी शुष्क वृक्ष आहे' असे त्याने म्हणू नये, कारण माझ्या मंदिरात मी त्याला मुलगे आणि मुली यांच्याहून उत्तम असे नाव देईन.