मदत हवी आहे: अमेरिकेतल्या दिवाळखोरीच्या फाइलमधून नातेवाइकाचं नाव काढता येतं का?

नमस्कार मंडळी. नेहमीचा आयडी सोडून नवा घेतलाय, कारण पुढे वाचलंत की कळेलच.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. नवऱ्याची नोकरी गेली, त्यात हॉस्पिटलची बिलं आली, आणि २०१९ मध्ये चॅप्टर ७ खाली (म्हणजे बहुतेक कर्जं कोर्टाकडून माफ होतात तो प्रकार) दिवाळखोरीचा अर्ज केला. क्रेडिट रिपोर्टवर नोंद १० वर्षं राहणार हे तेव्हाच पचवलं होतं. आता दुखतंय ते वेगळंच.

आतेभावाने अडीनडीला सहा हजार डॉलर दिले होते, कागद ना सही. पण ज्यांचं देणं लागतो त्या सगळ्यांची यादी शपथेवर द्यावी लागते, घरच्यांना वगळून चालत नाही. आधीच गुपचूप फेडून टाकू म्हटलं, तर अर्जाच्या आधीच्या वर्षभरात नातेवाइकाला दिलेले पैसे ट्रस्टी (दिवाळखोरीचं काम पाहायला नेमलेला माणूस) परत मागू शकतो. म्हणून दादाचं, म्हणजे या आतेभावाचं, नाव, पत्ता, रक्कम सगळं यादीत गेलं. कोर्टाची नोटीस त्याच्या घरी पोचली, तोवर त्याला एक फोन करायचंही मला सुचलं नव्हतं.

परवा मंडळात कुणीतरी त्याला चारचौघांत विचारलं, "बुडाले ना तुमचे सहा हजार?" पेसरवर, म्हणजे अमेरिकेच्या संघीय कोर्टांच्या कागदपत्रांच्या वेबसाइटवर, खातं काढून कुणीही फाइल वाचू शकतं. पानाला १० सेंट, एका कागदपत्राला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीचं बिल ३० डॉलरच्या आत असेल तर तेही माफ. भोचकपणा फुकटात! आमचा महिन्याचा किराणा खर्चसुद्धा आहे त्या फाइलमध्ये.

दादाचं नाव काळं करून घेता येईल का? शिवाय गाडीच्या कर्जाच्या करारात खातेक्रमांक पूर्ण दिसतोय, त्याचं काय?

जर्सीकर: खातेक्रमांकाचं काम होईल. दिवाळखोरी कोर्टाच्या नियम ९०३७ प्रमाणे खात्याचे आणि सोशल सिक्युरिटीचे फक्त शेवटचे चार आकडे, जन्माचं फक्त वर्ष आणि अल्पवयीन मुलांची आद्याक्षरं एवढंच दिसायला हवं. तसा अर्ज करा, निकाल लागेपर्यंत कोर्ट तो कागद लोकांसाठी बंद ठेवतं. दादांचं नाव मात्र अवघड आहे. ओळख चोरीला जाण्याचा किंवा इजा होण्याचा धोका दाखवावा लागतो, लाज वाटते हे कारण चालत नाही. "सगळी फाइल सील करून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

धागाकर्ती: धन्यवाद. खातेक्रमांकाचा अर्ज याच आठवड्यात करते. दिवाळखोरीनंतर आपखुशीने फेडायला कायद्याची आडकाठी नाही ना?

जर्सीकर: अजिबात नाही. सक्ती नाही, बंदीही नाही.

धागाकर्ती: मग बरं. साडेचार हजार देऊन झालेत. ते कुठल्याच फाइलमध्ये नाही, म्हणून मंडळाला ठाऊक नाही.