शनिवारच्या रात्री गाईडच्या तंबूंपाशी कोण राहणार?

प्रेषक: पथकप्रमुख, घोडबंदर रोड
विषय: आसनगाव शिबिर, तातडीचे

सर्वांना सस्नेह नमस्कार.

गाईड मुलींचे पथक सांभाळणाऱ्या आपल्या कॅप्टन मॅडमना निवडणूक प्रशिक्षणाचा आदेश काल संध्याकाळी मिळाला आणि ते प्रशिक्षण नेमके आपल्या शिबिराच्या शनिवारी आहे. शिक्षकांना हे काम टाळता येत नाही, हे आपण सर्व जाणतो. त्यामुळे आदेश रद्द करून घेण्याचा सल्ला कोणीही त्यांना देऊ नये, ही पहिली विनंती.

शेतमालकांना आगाऊ रक्कम दिली आहे, तंबू आले आहेत, शिध्याची यादी पूर्ण झाली आहे. मुले सव्वीस आहेत, त्यांपैकी सोळा स्काउट आणि दहा गाईड. स्काउटांसाठी मी आणि सहायक असे दोघे आहोत. गाईडसाठी मात्र कॅप्टन मॅडम आल्या नाहीत तर नोंदणी असलेली एकही महिला उरत नाही. कोलशेतच्या वहिनींनी रात्री राहण्याची तयारी आपणहून कळवली आहे. त्यांची नोंदणी नाही आणि पथक सांभाळणाऱ्या प्रौढांसाठीचा बेसिक कोर्सही झालेला नाही. एका रात्रीपुरते हे चालवून घ्यावे का? कृपया उद्या रात्रीपर्यंत मत कळवावे.

प्रेषक: नौपाड्याचे काका
विषय: उत्तर: आसनगाव शिबिर, तातडीचे

सर, यात विचारण्यासारखे काय आहे, ते मला समजले नाही. वहिनींना आपण सर्व पाच वर्षांपासून ओळखतो. मागच्या वर्षी शेकोटीनंतर शेवटचे पातेले घासून झाल्यावरच त्या घरी गेल्या होत्या. मी शाळकरी स्काउट असताना आमचे सर बत्तीस मुलांना घेऊन एकटेच माहुली गडाच्या पायथ्याशी राहत असत आणि आम्ही ताडपत्रीवर उघड्यावर झोपत असू. तंबूसुद्धा नव्हते. आमच्यापैकी कोणालाही कधी काही झाले नाही. 1907 साली ब्राउनसी बेटावरच्या पहिल्या स्काउट शिबिरात बेडन पॉवेल यांनी मुलांचे चार संघ केले आणि जबाबदारी संघनायकांवर टाकली, तेव्हाही कोणाच्या हातात कोर्सचे प्रमाणपत्र नव्हते. संघनायक पद्धतीवर विश्वास असेल तर मुली स्वतःची काळजी घेतील आणि वहिनी सोबतीला असतील. माझ्या मते हा प्रश्न इथेच मिटला.

प्रेषक: वाशीच्या ताई
विषय: उत्तर: आसनगाव शिबिर, तातडीचे

काकांचा अनुभव मोठा आहे, तरीही मी नम्रपणे असहमती नोंदवते. वहिनींविषयी मलाही आदरच आहे आणि माझे म्हणणे त्यांच्याविषयी नाही.

न्यू जर्सीत आम्ही सात वर्षे पथक चालवले, ते ज्या संस्थेत होते तिचे नाव तेव्हा बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका होते आणि फेब्रुवारी 2025 पासून ते स्काउटिंग अमेरिका झाले आहे. तिथे कोणत्याही कार्यक्रमाला एकवीस वर्षांवरील किमान दोन नोंदणीकृत प्रौढ असावेच लागतात, मुली असतील तर नोंदणीकृत महिला लागतेच, आणि 1 सप्टेंबर 2023 पासून तर मुक्कामाला राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाची नोंदणी सक्तीची झाली. त्याआधी पालकांना काही तासांची सवलत होती, ती काढून टाकण्यात आली. या नियमांमागे काय घडले, तेही सांगणे भाग आहे. 2020 साली त्या संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा लहानपणी अत्याचार झाल्याचे सांगणाऱ्यांचे 82 हजारांहून अधिक दावे समोर आले. त्यांतल्या कितीतरी मुलांच्या पालकांनीही आपल्या स्काउटमास्तरांविषयी ‘त्यांना आम्ही वर्षानुवर्षे ओळखतो’ असेच म्हटले असेल.

आपल्याकडे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा 2012 पासून आहे आणि त्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार अठरा वर्षांखालील मुलाबाबत असा गुन्हा घडल्याची माहिती किंवा घडण्याची शंका असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. कोर्समध्ये आणि आपल्या वार्षिक सत्रात आपण नेमके हेच शिकवतो: मूल काही सांगू लागले तर काय विचारायचे, काय विचारायचे नाही आणि कोणाला कळवायचे. जी व्यक्ती हे शिकलेली नाही, तिच्यावर दहा मुलींची रात्र एकटीने सोपवणे हा त्या व्यक्तीवरही अन्याय आहे.

प्रेषक: गिर्यारोहणवाले, मुलुंड चेकनाका
विषय: उत्तर: उत्तर: ताडपत्रीबाबत

काकांच्या मेलमधील उघड्यावर झोपण्याच्या उल्लेखाविषयी एवढेच लिहितो, कारण मागील शिबिरातही हा प्रश्न दोन पालकांनी काढला होता. शहापूर परिसरात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आढळतात. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते, आणि तिच्या दंशाची वेदना व खूण इतकी क्षुल्लक असते की अनेकदा झोपमोडही होत नाही. पुढे पापण्या जड होतात आणि श्वास अडखळू लागतो, तेव्हा लक्षात येते. थंडीत सापांचा वावर कमी असला तरी तंबूची चेन बंद आणि कडा आत खोचलेली मच्छरदाणी या दोन गोष्टींबाबत मी तडजोड करणार नाही. दंशाचा नुसता संशय आला तरी अवयव हलू न देता, काहीही न कापता, न चोखता आणि घट्ट न बांधता मुलाला थेट शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायचे. त्यासाठी माझी गाडी रात्रभर रस्त्याकडे तोंड करून उभी असेल.

गाईडपाशी कोणती महिला राहणार, या प्रश्नावर माझे मत नाही.

प्रेषक: एडिसन, न्यू जर्सी (मूळचा पाचपाखाडीचा)
विषय: उत्तर: आसनगाव शिबिर, तातडीचे

ताईंच्या माहितीत एक भर घालतो. मुक्कामी प्रौढांच्या सक्तीच्या नोंदणीला इथे कब स्काउटांच्या, म्हणजे सर्वांत लहान गटाच्या, शिबिरात अपवाद आहे. तिथे आई किंवा वडील स्वतःच्या मुलासोबत नोंदणीशिवाय राहू शकतात, कारण ते फक्त आपल्याच मुलासाठी आलेले असतात. आपल्या मुली मात्र कब-बुलबुलच्या वयाच्या नाहीत.

प्रेषक: नौपाड्याचे काका
विषय: उत्तर: उत्तर: आसनगाव शिबिर, तातडीचे

पाचपाखाडीकर म्हणतात त्याप्रमाणे अमेरिकेतही अपवाद आहे, याची सर्वांनी नोंद घ्यावी. ताई, आपल्याकडे भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संस्था 7 नोव्हेंबर 1950 रोजी वेगवेगळ्या संघटना एकत्र करून उभी राहिली आणि तिचे नियम, वॉरंट म्हणजे पथक चालवण्याचे अधिकृत नेमणूकपत्र, गाईडसाठी महिला कॅप्टन हे सर्व आपल्याकडे जुनेच आहे. आपल्याला शिस्त न्यू जर्सीतून आणावी लागली नाही. हे पथक मी आणि आणखी दोघांनी सहा मुलांना घेऊन उभे केले, तेव्हा मैदानासाठी आम्ही दर रविवारी पहाटे पाचला जाऊन जागा धरत होतो. अशा वेळी नवीन माणसाला ‘तुमची नोंदणी नाही’ म्हणून दारातून परत पाठवले असते, तर आज सव्वीस मुले नसती.

माझ्या मनात एवढीच भीती आहे की या चर्चेतून शेवटी मुलींचे शिबिर रद्द होईल आणि मुलगे जातील. तसे झाले तर मी शिधा पोहोचवून परत फिरेन, मुक्कामाला थांबणार नाही.

प्रेषक: कोलशेत
विषय: उत्तर: आसनगाव शिबिर, तातडीचे

नमस्कार. माझ्याविषयी इतके लिहिले गेले आहे, तेव्हा मी स्वतः लिहावे असे वाटले.

मी तयारी का दाखवली, ते आजवर फक्त कॅप्टन मॅडमना सांगितले होते. मागच्या शिबिरात रात्री माझ्या मुलीला पहिल्यांदाच पाळी आली. कॅप्टन मॅडम त्या रात्री दोन वाजेपर्यंत ताप आलेल्या दुसऱ्या मुलीपाशी बसून होत्या आणि त्यांना त्रास नको म्हणून माझी मुलगी त्यांच्याकडे गेलीच नाही. तंबूबाहेर जागे होते ते दोन्ही सर. तिने तिच्या संघनायिकेला उठवले. ती संघनायिका तेरा वर्षांची. तिने स्वतःच्या पिशवीतले पॅड दिले, स्वतःची जास्तीची पँट दिली आणि दोघी पांघरुणाखाली टॉर्च लावून पाच वाजेपर्यंत बसून राहिल्या. टॉर्चचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून त्यांनी काचेवर छोटा रुमाल बांधला होता; तो रुमाल मला नंतर पिशवीत सापडला, तेव्हा हे सर्व कळले. काका, संघनायक पद्धतीवर माझाही विश्वास आहे, कारण त्या मुलीने जे केले ते मोठ्यांनाही जमले नसते. परंतु तेरा वर्षांच्या मुलीला ते एकटीने करावे लागू नये.

म्हणून माझ्या मते त्या तंबूंपाशी एक महिला पुरेशी नाही, दोन हव्यात. एक एखाद्या मुलीपाशी अडकली तर दुसरी मोकळी असली पाहिजे. कॅप्टन मॅडमच्या जागी मी एकटी, हा त्यावरचा उपाय नव्हे. ताईंचे म्हणणे वाचल्यावर मला वाईट वाटले नाही. माझ्या मुलीच्या तंबूपाशी कोर्स न केलेली दुसरी कोणी आई एकटी राहणार असती, तर मीही हाच प्रश्न विचारला असता. पुढील बेसिक कोर्ससाठी माझा अर्ज मी आज पथकप्रमुखांकडे पाठवला आहे.

प्रेषक: वाशीच्या ताई
विषय: उत्तर: कोलशेत

वहिनी, तुमचा मेल मी दोनदा वाचला. शनिवारी मी येते. गुडघ्यामुळे मी या वर्षी मुक्कामाला नाही असे कळवले होते, ते मागे घेते. जमिनीवर झोपता येणार नाही, म्हणून घरून फोल्डिंग खाट आणेन. माझी नोंदणी आणि वॉरंट चालू आहे. तरीही माझ्यासोबत दुसरी प्रशिक्षित महिला हवीच, ही अट माझ्याही बाबतीत सोडू नये.

प्रेषक: गाईड कॅप्टन
विषय: उत्तर: आसनगाव शिबिर, तातडीचे

सर्वांस नमस्कार. प्रशिक्षण संध्याकाळी पाचपर्यंत आहे आणि ठिकाण ठाणे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. हजेरी देऊन मी थेट कसाऱ्याकडे जाणारी लोकल धरेन. माझी सॅक सकाळीच टेम्पोतून पुढे पाठवावी. प्रशिक्षण लांबले तर मी काय करू, एवढे मात्र आधी ठरवावे, कारण त्या वेळी मला फोन घेता येईलच असे नाही.

मागच्या वर्षीच्या त्या रात्रीविषयी वहिनींची मी मनापासून क्षमा मागितली आहे आणि इथेही मागते. माझ्या दृष्टीने ती चूक तापाची नव्हती. मी जागी आहे आणि कितीही वाजता मला हाक मारावी, हे मी मुलींना झोपण्यापूर्वी सांगितले नव्हते.

प्रेषक: पथकप्रमुख, घोडबंदर रोड
विषय: निर्णय: आसनगाव शिबिर

सर्वांचे आभार. मानसभेत, म्हणजे संघनायकांच्या बैठकीत, दोन्ही गाईड संघनायिका आणि स्काउट संघनायक यांच्याशी काल बोललो आणि त्यानंतर पुढील निर्णय घेत आहे.

शनिवारी दिवसभर ताई आणि कोलशेतच्या वहिनी दोघी गाईडसोबत असतील. वहिनी रात्री थांबणार नाहीत. संध्याकाळी सहायक त्यांना रिक्षाने आसनगाव स्टेशनवर सोडतील. रात्री गाईडच्या तंबूंपाशी ताई आणि कॅप्टन मॅडम असतील. ताईंची खाट दोन तंबूंच्या मध्ये आणि कॅप्टन मॅडमचा तंबू मुलींच्या ओळीच्या टोकाला लागेल. स्काउटांची ओळ विहिरीच्या पलीकडे असेल आणि आम्ही दोघे पुरुष तिकडेच राहू. पॅड, साबण आणि जास्तीचे कपडे यांची पेटी गाईडच्या सामानाच्या तंबूत उघडी ठेवली जाईल, तिच्यातून काही घेण्यासाठी कोणालाही विचारावे लागणार नाही. ही पेटी भरण्याचे काम त्याच संघनायिकेने मागून घेतले आहे.

कॅप्टन मॅडम, लोकलमध्ये बसल्यावर केवळ एक संदेश पाठवा. तो सहा वाजेपर्यंत आला नाही, तर आम्ही उजेड पुरता जाण्यापूर्वी सर्व तंबू उतरवू आणि सव्वीसच्या सव्वीस मुले एकत्र ठाण्याला परत येतील. फक्त गाईड परत आणि स्काउट मुक्कामाला, असे होणार नाही. मानसभेत हे मी मांडण्यापूर्वीच बिबळ्या संघाच्या नायकाने मांडले आणि बाकीच्यांनी हात वर केले. पालकांनी शनिवारी रात्री दहापर्यंत ठाणे स्टेशनवर येण्याची तयारी ठेवावी, असा निरोप आजच जात आहे.

प्रेषक: नौपाड्याचे काका
विषय: उत्तर: निर्णय: आसनगाव शिबिर

सर, निर्णय मान्य आहे. परत यावे लागले तर भिजवलेली मटकी वाया जाऊ नये म्हणून संध्याकाळच्या उसळीचे मोड मी शुक्रवारी न काढता शनिवारचा स्वयंपाक पिठलं-भातावर आणतो. बेसन आणि तांदूळ परत आणता येतात. पिठल्याला दीड किलो बेसन पुरेल. वहिनींना स्टेशनवर सोडण्यासाठी सहायकांनी जाऊ नये, त्या वेळी त्यांची मुलांपाशी गरज आहे. मी शिध्याची गाडी घेऊन येणारच आहे, वहिनींना घेऊन मीच परत येईन. कॅप्टन मॅडम त्याच सुमारास आसनगावला उतरत असतील, तर त्यांना पूर्वेच्या बाजूला तिकीट खिडकीपाशी थांबायला सांगावे. आधी त्यांना शिबिरावर पोहोचवतो आणि मग वहिनींना घेऊन ठाण्याला निघतो.